गुडघ्याचं लोकार्पण

दिगू शिंगाडे शिंप्याची टेप घेऊन माझ्या गुडघ्याचं माप घेत होता.

"सतरा इंच," तो म्हणाला. "गाठीला धरून दीड वार फीत लागंल. भानूतात्या, लाल बरी का पिवळी?"

"अरे पण फीत कशाला?"

"म्हंजी? मग बापूसाहेब कापणार काय? तुमचा गुडघा?"

मी अंगणात खुर्चीवर होतो. समोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर माझा उजवा पाय. मांडीपासून पोटरीपर्यंत सळया घातलेला काळा पट्टा. दोन कुबड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या माझ्यापेक्षा सरळ उभ्या होत्या.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. तेव्हा मी बोरखडी नगरपंचायतीत पाणी सोडायला होतो. गावात बारा व्हॉल्व, आणि बाराही माझ्या हातात. माझा गुडघा कसा गेला याच्या गावात सात कथा आहेत आणि सातही मीच सांगितलेल्या आहेत. त्यातली बिबट्याची सगळ्यात चांगली, ती तीनदा सांगून घेतात. खरं म्हणाल तर बाजारपेठेतल्या व्हॉल्वच्या खड्ड्यात उतरताना पाय घसरला. पण एवढ्यावर कोण चहा पाजतो?

लंगडत होतो तेवढ्यात आमदार बापूसाहेब शेळमकरांच्या वाढदिवसाचं आरोग्य शिबिर आलं. चारशे माणसं मांडवातून गेली. बाकीच्यांना चष्मे मिळाले, मला मिरजेची चिठ्ठी. तिथले डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडावरची गादी, ती एका जागी उडालीय. रुपयाएवढा खड्डा आहे. खालच्या हाडाला बारीक भोकं पाडतो. त्यातून रक्त येईल, ते साकळेल आणि त्याचीच नवी गादी धरेल."

म्हणजे बोअर मारायचे. मी पाणीखात्यातला माणूस, मला लगेच कळलं. डॉक्टरांनी पाच बोअर मारले आणि पाचही बोअर लागले. आमच्या तालुक्यात असं आधी कधी झालं नव्हतं.

पुढचं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, नवी गादी कोवळी असते. सहा आठवड्यांनंतर मात्र रोज थोडं थोडं वजन टाकायचं, तीन महिन्यांत कुबड्या सोडायच्या. टाकलं नाही तर मांडी वाळते आणि गुडघा धरतो.

चाळिसाव्या दिवशी दिगू आला. दिगू म्हणजे बापूसाहेबांच्या युवक आघाडीचा तालुकाध्यक्ष. वय बेचाळीस.

"तात्या, येक पाऊल टाकायचं न्हाई," तो आल्या आल्या म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले परवापासून टाका."

"शिबिर डॉक्टरांचं व्हतं का? शिबिर बापूसाहेबांचं. चारशेतनं येकच मोठं काम निघालं, ते तुमचं. आदीच चाललासा तर उद्घाटनाला काय उरलं?"

"गुडघ्याचं उद्घाटन?"

"लोकार्पण म्हना. तात्या, उद्घाटनाबिगर या गावात काय चालू झालंय? स्मशानातली शेड दीड वरीस थांबली. मेलेली माणसं तिच्या शेजारी पावसात भिजली, पन येक मडं आत गेलं न्हाई. शिस्त म्हंजी शिस्त!"

आता मढ्यांनी पाळलेली शिस्त मी कशी मोडू? बसलो.

पहिली तारीख ठरली तेव्हा बापूसाहेब अधिवेशनाला गेले. दुसऱ्या तारखेला अमावास्या निघाली. तिसऱ्या वेळी सूतगिरणीची निवडणूक लागली आणि आचारसंहितेत गुडघा बसतो की नाही यावर दिगूनं तहसीलदारांना अर्ज दिला. आठवड्यानं उत्तर आलं. सदर अवयवाबाबत वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागविण्यात आले आहे. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. तेवढी एक गोष्ट मी सांगतो आणि पुरावा दाखवतो.

तोवर मी खुर्चीत. चहा हातात, ताट हातात, तोंड धुवायला तांब्या हातात. बारा व्हॉल्व दिगूच्या मेहुण्याकडे गेले होते. शिंगाडे गल्लीला दिवसाला तीनदा पाणी यायला लागलं आणि तिथल्या म्हशी रोज आंघोळ करायला लागल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी रिक्षानं मुजावर मॅडमकडे जायचं. मुजावर मॅडम म्हणजे मिरजेहून स्कूटरवर येणारी पंचविशीतली पोरगी, व्यायाम घेणारी डॉक्टर. स्टँडमागं तिची एक खोली होती. खोलीत दोन समांतर दांड्या. दांड्यांना धरून मधून चालायचं.

"काका, उजव्यावर वजन टाका."

"मॅडम, तारीख मिळाली नाही."

"कसली?"

"बापूसाहेबांची."

ती स्टुलावर बसली. "काका, गुडघा तुमचा आहे."

"गुडघा माझाच आहे. पण योजना त्यांची."

"दुखतं का?"

"नाही."

"मग?"

मग मी तिला बिबट्याची गोष्ट सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, हसली नाही, आणि टेपनं माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. तो आकडा तिनं मला नाही, माझ्या बायकोला सांगितला.

"मावशी, उजवी मांडी दोन इंचांनी बारीक झालीय. आत सगळं चांगलं भरलंय, मिरजेच्या सरांनी तपासून सांगितलंय, पूर्ण वजन टाकायला कधीची परवानगी आहे. पण आणखी महिना-दोन महिने असेच बसले, तर कुबडी जन्माची. मग मी काही करू शकणार नाही."

कलावतीनं पदर सारखा केला आणि माझ्या कुबड्या आणून दिल्या. माझी बायको मुळात कमी बोलायची, आणि खोटं तर तिला येतच नव्हतं. पाहुण्याला "जेवून जावा" म्हणायची, आणि घरात पीठ नसलं तर त्याच दमात तेही सांगायची. तोवर बावीस वर्षं ही बाई माझ्या घरात नांदली होती. माझ्या थापा ऐकणाऱ्यांत ती एकटी अशी होती की मधेच उठून भाकऱ्या करायला जायची.

रिक्षात मी म्हणालो, "पोरगी उगाच भीती घालते. एकदा तारीख मिळू दे, धावून दाखवतो."

"व्हय," कला म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

चौथा महिना उलटत आला आणि एकदाची तारीख मिळाली. दिगू कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. गुळगुळीत कागद, वर गणपती, खाली बापूसाहेब मोबाइल कानाला लावून. मी मोठ्यानं वाचायला लागलो, "श्री. भानुदास तोडकर यांच्या नूतनीकृत डाव्या गुडघ्याचा भव्य लोकार्पण सोहळा..." आणि थांबलो.

"दिग्या, माझा उजवा गुडघा."

दिगूनं कार्ड बघितलं. गुडघा बघितला. परत कार्ड बघितलं.

"उजवा म्हंजी तुमचा उजवा का बघणाऱ्याचा उजवा?"

"लेका, गुडघा कुठूनही बघ, तो उजवाच असतो!"

"पन मला तर डावा म्हनूनच..." तो जरा घुटमळला, मग घाम पुसून म्हणाला, "तात्या, पाचशे कार्डं वाटून झाली. चौकात वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला. बापूसाहेबांच्या भाषणात डावा तीन ठिकाणी हाय, आन् त्यांनी पाठ केलंय. पाठ केलेलं त्यांना परत विसरता येत न्हाई."

"मग मी काय करू?"

"येक दिवस डावा दुखवा की."

"काय?"

"पट्टा डाव्याला बांधा, डावा वर धरा, आन् डावाच हळूहळू टेका. तासाभराचा तर प्रश्न हाय. आख्ख्या गावाला बिबट्या दाखवलासा, येक गुडघा इकडचा तिकडं व्हईना व्हय?"

दारातून कलाचा आवाज आला, "व्हईल की. सोंग तर काढायचंय."

मी तिच्याकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती, मान खाली. आता बायकोसमोर, तालुकाध्यक्षासमोर मी काय म्हणणार? माझ्या कसबाचा प्रश्न होता. म्हणालो, "लंगडण्याचं मला सांगू नका. दोन्ही पायांनी लंगडून दाखवीन."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कलानं उजव्याचा पट्टा सोडला आणि डाव्याला असा आवळला की डावा पाय ओंडक्यासारखा ताठ झाला. गुडघा लोकांना दिसला पाहिजे म्हणून दिगूनं पुतण्याची फुटबॉलची चड्डी आणली होती. वर कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा, खाली निळी चड्डी. गावातली शहाणी माणसं माझ्याकडे बघून रामराम करत होती आणि रामराम करून झाला की तोंड फिरवून खांदे हलवत होती.

नगरपंचायतीसमोर मांडव. चौकातल्या फ्लेक्सवरचा गुडघा माझा नव्हता. इंटरनेटवरून उतरवलेला, गोरा, बिनकेसाचा. त्याच्या शेजारी बापूसाहेब हात जोडून. स्टेजवर मधोमध मला उभं केलं, फीत बांधली, आणि दिगू माझ्या कुबड्या काढून घेऊन गेला.

"अरे कुठं नेतोस?"

"पूजनाला," तो म्हणाला. त्यानं त्या टेबलावर आडव्या ठेवल्या, हार घातला, नारळ फोडला.

आता मी कसा उभा होतो ते नीट ध्यानात घ्या. डावा पाय पट्ट्यात आवळलेला, आणि कार्डाप्रमाणे तो अधू, म्हणून जमिनीपासून चार बोटं वर. कुबड्या हार घालून टेबलावर. जमिनीवर टेकलेलं माझं असं काय होतं? एक उजवा पाय. चार महिने ज्याच्यावर मी भार टाकला नव्हता तो. दिगूचा खांदा धरायला हात लांब केला, तर दिगू माइककडे पळाला होता.

बापूसाहेब बोलायला उठले. बापूसाहेब म्हणजे चौऱ्याण्णव किलो, दोन मोबाइल आणि खिशातली निवेदनं धरून शंभर. "हा डावा गुडघा," ते म्हणाले, "एकट्या भानुदासचा नाही, हा बोरखडीचा गुडघा आहे." टाळ्या. मी टाळ्यांकडे बघत नव्हतो. माझं ध्यान खाली, कुठं कट्‌ होतंय का तिकडं होतं. कानातून घाम निघत होता. कानातून घाम निघतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग तबक आलं, तबकात कात्री. बापूसाहेब माझ्यासमोर आले आणि फीत कापायला वाकले. वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

पहिल्यांदा मला वाटलं कात्री बोथट आहे. मग त्यांचा हात माझ्या कमरेला आला, मग दुसरा सदऱ्याला, आणि चौऱ्याण्णव किलो माझ्या अंगावर हळूहळू रेलले.

"भानुदासराव," बापूसाहेब खालून कुजबुजले, "सोडू नका."

"काय झालं साहेब?"

"गुडघा अडकला."

"माझा?"

"माझा! उठता येईना."

खाली एकच गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "बापूसाहेबांनी भानूच्या पायाला हात लावला!" बँडवाल्यांना काय कळलं कुणास ठाऊक, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. बायका डोळे पुसायला लागल्या. दुसऱ्या रांगेत मुजावर मॅडम ताडकन उभ्या राहिल्या होत्या, आणि शेजारी कलानं त्यांचा हात धरून ठेवला होता.

"साहेब, कधीपासून दुखतोय?" मी ओठ न हलवता विचारलं.

"सहा वर्षं."

"मग तुमचंच शिबिर होतं की. मिरजेला..."

"येडे का काय? आमदार लंगडा म्हटल्यावर कोण तिकीट देतंय? आणि..." ते थांबले. "खरं सांगू का? भोकं पाडणार म्हटल्यावर मी दवाखान्याची पायरीच चढत नाही. तुम्हाला नाही भीती वाटली?"

गावात मला काहीही विचारा, तुमचं वाक्य संपायच्या आत माझ्याकडे उत्तर तयार असतं. तेव्हा नव्हतं. खाली चौऱ्याण्णव किलो लोंबकळत होते, वर बँड वाजत होता.

"धरा घट्ट," मी शेवटी म्हणालो. त्यांच्या काखेत हात घातले, उजवा पाय रोवला आणि त्यांना वर ओढलं. त्यांच्या गुडघ्यातून कडाक असा आवाज आला. माझ्या गुडघ्यातून काहीच आलं नाही.

फीत त्यांच्या अंगठीत अडकून केव्हाच तुटली होती. दिगू माइकवर ओरडला, "आता भानूतात्या अकरा पावलं टाकणार! मोजा! येक!"

डावा ताठ पुढं फेकायचा, उजव्यावर यायचं. डावा फेकायचा, उजव्यावर यायचं. चौथ्या पावलाला मी डावा दुखल्याचं तोंड केलं, लोक हळहळले. सातव्याला तोंड करायचं विसरलो. कारण सातव्याला मला कळलं की टाच टेकतेय, चवडा टेकतोय, उजव्या पायावर आख्खा भानुदास तोडकर उभा आहे, आणि पायाची काही तक्रार नाही.

"अकरा! बास! तात्या, अकरा झाली, थांबा की!"

मी पायऱ्या उतरून गेलो. लोक सांगतात की मी स्टँडपर्यंत गेलो आणि एसटी गाठून परत आलो. ती थाप मीच पसरवलेली आहे. पलीकडच्या चिंचेपर्यंत गेलो. झाडाला पाठ लावून उभा राहिलो आणि फेट्याचा शेमला तोंडावर धरला. लोकांना वाटलं घाम पुसतोय.

दुपार कलली तेव्हा घरी आलो. कला डाव्या पायाचा पट्टा सोडत होती. पट्ट्याचे वळ उठले होते.

"हा पाय बिचारा उगाच आवळला गेला," ती म्हणाली.

"त्या दिग्याचं डोकं फिरलंय. डावा कुठून काढला त्यानं?"

"मी सांगितलं."

"काय?"

"छापायला जाताना दारात इचारत आला, कंचा गुडघा. म्हनलं डावा."

मी म्हणालो, "तुला तर खोटं बोलता येत नाही."

"येकच बोलले. जमलं." तिनं पट्ट्याची गुंडाळी केली. "उजव्याचं नाव काढलं की तुमी दांड्या गच्च धरायचा. म्हनलं डाव्याला सोंगाला जुंपावं, उजवा आपसूक मोकळा व्हईल. मुजावरबाईस्नी इचारून घेतलं. त्या म्हनल्या, पायाला काय व्हत न्हाई, पाय तयार हाय."

"म्हणजे मी भ्यालो होतो असं तुम्ही दोघींनी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात?"

"तारीख मिळत नव्हती, कला! अधिवेशन होतं, अमावास्या होती, तहसीलदारांचं पत्र..."

"दिगू पहिल्यांदा आला त्याच्या तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली, "दुपारी मी दारातनं बघत व्हते. तुमी पाय खाली टेकला. गुडघा कटकन वाजला, तिकडं दारात मला आयकू आला. इंगळी चावल्यागत पाय वर घेतला आन् उशीवर ठिवला. मग बराच येळ तोंड पुसत बसला. दुसऱ्या दिवशी तारीख पुढं गेल्याचं कळलं, तर मला शिरा करायला लावला."

माझ्या गुडघ्याच्या सात गोष्टी मला येतात. त्यातली एकही या बोलण्यावर चालली नसती. कला उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. वास आला. मी सवयीनं खुर्चीतच मांडीवर टॉवेल पसरला आणि ताटाची वाट बघायला लागलो.

"ताट हितं चुलीपाशी वाढलंय," ती आतून म्हणाली.

"आण की मग."

"आज न्हाई. उद्यापास्नंबी न्हाई."

कुबड्या अजून नगरपंचायतीत होत्या, हार घातलेल्या. मांडव नव्हता, बँड नव्हता, मोजायला दिगू नव्हता आणि सोंग घ्यायला डाव्या पायाला पट्टाही नव्हता. मी खुर्चीच्या हाताला धरून उठलो. हात सोडला. अंगण, उंबरा, माजघर. उंबऱ्यापाशी गुडघा कटकन वाजला. मी थांबलो. आतला भाकरीचा आवाजही थांबला. मग मी उजवा पाय उचलून उंबऱ्याच्या आत टाकला, आणि आत भाकरी पुन्हा थापली जायला लागली.

चुलीपाशी पोचलो तेव्हा तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पाट पुढं सारला आणि म्हणाली, "मीठ माघारीच ऱ्हायलं बघा, माजघरातल्या फळीवर. तेवढं घेऊन या."

मी परत गेलो आणि मीठ घेऊन आलो.